लोलाइट्स म्हणजे डाय नव्हे

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

नवी वही सुरू. मागची १९ जानेवारीला बंद पडली, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडतंय.

शनिवारी मालकांनी दुकानात सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं की थंडीचं कलेक्शन येतंय. तपकिरी, वाइन आणि कासवाच्या पाठीसारख्या ठिपक्यांच्या फ्रेम्स. त्यांची पत्रकं निघणार आणि दुकानाबाहेर मोठा बोर्ड लागणार. मालकांच्या मुलीचं म्हणणं असं की मॉडेल नकोत, दुकानातलीच माणसं घेऊ. तिला आम्ही धाकट्या मॅडम म्हणतो. "अनुभवी चेहरा हवा," असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे कॉन्टॅक्ट लेन्सचं कपाट होतं, पण कपाटाला चेहरा नसतो.

सव्वीस वर्षं मी लोकांच्या नाकावर चष्मे ठेवतोय. कुणाला गोल शोभेल, कुणाला चौकोनी, कुणाचा वर्ण उबदार, कुणाचा थंड, हे मला माणूस दारातून आत येतानाच कळतं. लोक चष्मा घ्यायला येतात आणि माझं मत घेऊन जातात. तेव्हा बोर्डावर मी असणं साहजिक आहे.

अडचण एकच. केस. शेहेचाळिसाव्या वर्षीच सगळे पांढरे झाले, आज पंचावन्न. भरपूर आहेत, हे मुद्दाम नोंदवतो. पण तपकिरी फ्रेमच्या वर पांढरे केस म्हणजे अर्धं रंगवून सोडून दिलेलं चित्र.

ठराव: दिसण्याचा विचार करायचा नाही. मी त्यातला नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

घराच्या खालच्या खोलीत बायकोचं पार्लर आहे. तेवीस वर्षं झाली. सकाळी कपाटाची किल्ली द्यायला खाली गेलो, तर बाकावर एक मासिक पडलेलं. त्यात लेख होता, 'थंडीत केसांना खोली द्या'. उभ्याउभ्या वाचून काढला.

हायलाइट्समध्ये मधल्यामधल्या बटा फिक्या करतात. लोलाइट्समध्ये त्याच बटा गडद करतात. बाकीचे केस जसे आहेत तसेच राहतात. म्हणजे हा डाय नव्हे. डाय म्हणजे लपवाछपवी. लोलाइट्स म्हणजे ऋतू बदलला की केसांनी त्याची दखल घेणं. हा फरक इथे लिहून ठेवणं गरजेचं आहे, कारण गेली वीस वर्षं मी डाय करणाऱ्या पुरुषांना उघडपणे हसत आलोय. मेहुण्याला तर त्याच्या तोंडावर.

बायकोने आरशातूनच विचारलं, काय वाचताय एवढं? मी पटकन पान उलटलं. त्या पानावर बाळंतपणानंतरचे व्यायाम होते. म्हणालो, हेच.

५ नोव्हेंबर, बुधवार

बायकोला स्पष्ट विचारलं. आडवळणं घेणं माझ्या स्वभावात नाही.

जेवताना म्हणालो, दुकानात एक कस्टमर येतो. माझ्याच वयाचा, केस पांढरे, पण दाट. तो लोलाइट्सचं विचारत होता. तुझं काय मत?

तिने माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "त्याला सांगा, पांढरे छान दिसतात. आणि करायचंच असेल तर स्वतः येऊन विचार म्हणावं."

म्हणजे नाहीच म्हणाली. मी विचारलं, तिने नकार दिला. नोंद संपली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रागावलेलो नाही. फक्त एक निरीक्षण. जी बाई दिवसभर परक्या बायकांच्या डोक्यावर कलाकुसर करते, तिला नवऱ्याच्या डोक्याबद्दल दोन वाक्यांच्या पलीकडे काही बोलावंसं वाटत नाही.

दोन गल्ल्या सोडून एक नवं सलोन आहे. बायका-पुरुष दोघांसाठी. चार वर्षांपूर्वी उघडलं. उघडणारी मुलगी आधी आमच्याकडेच होती. बायकोने तिला केस धुण्यापासून सगळं शिकवलं. मग ती गेली आणि तिच्यामागोमाग निम्म्या बायकाही गेल्या. बायको म्हणते, त्याचं काही वाटत नाही. तिला वाटत नाही, तर मला वाटून घेण्याचं कारण नाही.

शिवाय तिकडे काय चाललंय हे घरातल्या कुणीतरी बघायला हवं. याला मार्केट सर्व्हे म्हणतात.

९ नोव्हेंबर, रविवार

दर चौथ्या रविवारी सकाळी बायको माझे केस कापते. शटर अर्ध्यावर, एकच दिवा, पार्लर बंद. ती महिन्याभरातलं सगळं सांगते आणि मी डोळे मिटून हो हो म्हणतो. आज तो रविवार होता.

पण लोलाइट्ससाठी केसांना थोडी लांबी लागते, असं मासिकात होतं. म्हणून म्हणालो, आज नको, मान अवघडलीय.

तिने कात्री परत डब्यात ठेवली. शटर खाली ओढलं. वर येऊन चहा टाकला. मानेला शेक हवा का, असं एकदा विचारलं.

मान खरंच थोडी दुखायला लागलीय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सलोनला फोन केला. सावधगिरी म्हणून आवाज जाड केला आणि आमच्या दुकानातल्या एका जुन्या कस्टमरचं नाव सांगितलं. पांढऱ्या केसांना लोलाइट्स, गुरुवारी चालेल का?

फोन त्याच मुलीने घेतला होता, तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "चालेल की भाऊजी. अकराला या."

ती बायकोला ताई म्हणते, म्हणून मी भाऊजी. काही आवाज जाड करूनही लपत नाहीत. व्यक्तिमत्त्व असलं की तसं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी २.३०

दुकानातून अर्धी रजा. कारण दात.

सलोन झकपक आहे. पिवळसर दिवे, मऊ खुर्च्या, प्यायला लिंबाचं पाणी. कुठेही मासिक नाही, सगळं मोबाइलवर. आमच्या पार्लरमधली खुर्ची वर घेताना कुरकुरते, इथली मुकाट्याने वर जाते. सर्व्हे म्हणून हे लिहून ठेवतो.

ती शेपटीच्या कंगव्याने बटा वेगळ्या करत होती. एकेक बट चांदीच्या कागदावर ठेवायची, ब्रशने रंग लावायचा, घडी घालायची. आधी एकदा विचारलं, ताईंना माहीत आहे ना? मी म्हणालो, तिचा या विषयाला आक्षेप नाही. शब्द न् शब्द खरा आहे.

रंगावरून जरा मतभेद झाला. ती म्हणाली, पांढऱ्या केसांवर आधी थोडा उबदार रंग घेऊ, मग तपकिरी. मी तिला समजावलं. सव्वीस वर्षं मी माणसांचे वर्ण ओळखतोय, माझा वर्ण थंड आहे, मला राखाडी झाक असलेला तपकिरीच लागेल, थेट. ती दोनदा म्हणाली, भाऊजी, विचार करा. मी दोनदा म्हणालो, केलाय.

कागद डोक्यावर घेऊन पस्तीस मिनिटं बसलो. आरशात मी एखाद्या उपग्रहासारखा दिसत होतो.

निकाल उत्तम. पांढऱ्यात तपकिरी रेघा, अगदी नैसर्गिक. पिवळ्या उजेडात तर भारदस्त. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी वळून बघितलं.

घरी येताना कानटोपी घातली. थंडी आहे.

१३ नोव्हेंबर. संध्याकाळी ६

लेकीला फोटो पाठवला. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. काही लिहिलं नाही, नुसता फोटो. तिला आपोआप कळतंय का ते बघायचं होतं.

उत्तर आलं: "बाबा, तिथे लाइट कुठला आहे?"

लाइट घरातलाच होता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चष्म्याच्या दुकानात दोन गोष्टी भरपूर असतात. पांढरा झगझगीत उजेड आणि आरसे. आज आरसे मोजले. एक्केचाळीस. एक्केचाळीसही आरशांत माझ्या डोक्यावर हिरव्या रेघा आहेत.

पूर्ण हिरव्या म्हणता येणार नाहीत. एका बाजूने बघितलं तर राखाडी म्हणता येतील. ती बाजू मला कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उभं राहिल्यावर सापडली.

मालकांनी विचारलं, पोहायला जाऊ लागलात का? डोळे तपासणाऱ्या मॅडमना मी सांगितलं की हा तपकिरी आहे. त्यांनी फार आपुलकीने मला खुर्चीत बसवलं आणि रंग ओळखायची ठिपक्यांची चित्रं समोर धरली. मी सगळे आकडे बरोबर वाचले. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला दिसतंय की.

फोटो बुधवारी. चार दिवस हातात आहेत. घाबरण्यासारखं काही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून सात वेळा केस धुतले. इंटरनेटवर एकाने लिहिलं होतं की हिरव्यावर लाल हा उतारा, टोमॅटो सॉस लावून वीस मिनिटं ठेवा. शास्त्र म्हणून पटलं. बायको खाली कामात होती. बाथरूममध्ये बसून सॉस लावला.

अकराव्या मिनिटाला दार वाजलं. तिला टॉवेल हवे होते. मी दाराच्या फटीतून टॉवेल दिले. ती म्हणाली, सॉसचा वास येतोय. मी म्हणालो, खालून येत असेल. खाली पार्लर आहे, हे बोलून झाल्यावर लक्षात आलं.

हिरवा होता तसाच. आता त्याला वासही आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस घरात कानटोपी घालून वावरतोय. आज सकाळी नाश्ता करताना बायको समोरून उठली आणि माझ्याजवळ आली. टोपी काढली नाही. माझ्या डाव्या कानाची वरची कड दोन बोटांत धरून बघितली, जशी ती शिवण बघते.

"कानावर राहिलंय," ती म्हणाली. "डावा कान ती नेहमी विसरते. मी शिकवत होते तेव्हाही विसरायची."

मग ताटं उचलून आत गेली.

मी मार्केट सर्व्हेबद्दल बोलायला आत गेलो. नळ सुरू होता. मी बोललो. नळ बंद झाल्यावर तिने विचारलं, काही म्हणालात का? मी म्हणालो, नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घरात शांतता आहे. भांडण नाही. डबा वेळेवर मिळतो, शर्टाला इस्त्री असते. फक्त 'अहो' गायब झालंय. दोन दिवस ती मला काही म्हणूनच हाक मारत नाही. सरळ वाक्याला सुरुवात करते. "दूध आणायचंय." "लेकीचा फोन आलाय." कुणाला उद्देशून आहे ते मी ओळखायचं.

हेही नोंदवतो की खालच्या बायकांशी ती पूर्वीइतकीच हसून बोलते. जिन्यात उभा राहिलो की सगळं ऐकू येतं. आज तीन वेळा जिन्यात उभा राहिलो. एका बाईच्या सुनेला जुळी झाली. एरवी ही बातमी मला केस कापायच्या रविवारी मिळाली असती.

ठराव: उद्याचा फोटो झाला की बोलायचं. यशस्वी माणसाचं लोक ऐकतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोटो झाला.

सकाळी केस तेल लावून मागे चापून बसवले, म्हणजे रेघा एकमेकींत मिसळतात. कोट घातला. फोटोग्राफरने मला खिडकीजवळ उभं केलं, नाकावर कासवाच्या पाठीची फ्रेम ठेवली आणि म्हणाला, हनुवटी खाली, हसू नका. मी सव्वीस वर्षांचा अनुभव डोळ्यांत आणला. त्याने भराभर फोटो काढले.

मग धाकट्या मॅडमनी कॉम्प्युटरवर दाखवलं. सगळे फोटो भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. सगळ्यांचेच. चष्म्याचा बोर्ड आहे, चष्माच मोठा दिसायला हवा, असं त्या म्हणाल्या. कल्पना चांगली आहे, यात वाद नाही.

मी सहज विचारलं, मग अनुभवी चेहरा का हवा होता? त्या म्हणाल्या, "डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी, काका. तुमच्या अगदी ठसठशीत आहेत."

आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण मी तरी कुठे विचारलं होतं?



२० नोव्हेंबर, गुरुवार

दुकानात जायच्या आधी खाली पार्लरमध्ये गेलो. टोपी काढली. दोन बायका बसल्या होत्या, तरी काढली. बायकोला म्हणालो, याचं काहीतरी करशील का?

तिने एकदाच वर बघितलं. चेहऱ्यावर काहीही नाही. मग अपॉइंटमेंटची वही ओढली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "शनिवारी दुपारी सव्वातीन. चालेल?"

म्हणालो, चालेल. तेवीस वर्षांत मला पहिल्यांदा अपॉइंटमेंट लागली. वाट बघणाऱ्यांपैकी एकीने मला समजुतीच्या सुरात सांगितलं की शनिवारी मिळाली म्हणजे नशीबच, एरवी आठवडा लागतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तीनलाच जाऊन बाकावर बसलो. तीन पस्तीसला नंबर आला.

खुर्ची कुरकुरत वर गेली. तिने गळ्याभोवती कापड बांधलं आणि बटा उलटसुलट करून बघितल्या. म्हणाली, पांढऱ्या केसाला आधी ऊब द्यावी लागते, थेट राख टाकली की शेवाळ धरतं. त्या पोरीला हे माहीत आहे, मीच तिला शिकवलंय, तिने असं कसं केलं?

इथे गप्प बसणं सोपं होतं. जबाबदारी आपोआप दोन गल्ल्या पलीकडे जात होती. मी म्हणालो, तिने दोनदा सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही.

बायकोने कात्री हातात घेतली. मग म्हणाली, "केसांचा राग नाहीये मला. तुम्ही मला विचारलंच नाही."

"विचारलं होतं. त्या कस्टमरचं."

"नाव काय त्या कस्टमरचं?"

कात्री तशीच हातात. आरशातून माझ्याकडे बघत होती. बाकावरच्या बायका मोबाइलमध्ये बघायचं नाटक करत होत्या. मी माझं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आवाज जाड न करता.

"असं आधी यायचं," ती म्हणाली. "वीस वर्षं बघतेय, डाय केलेला माणूस दिसला की हसता. मी दिवसभर तेच काम करते. ते हसणं कुणाला लागतं, हे कधी डोक्यात आलं नाही?"

नव्हतं आलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण नव्हतं आलं. तिच्याकडे येणाऱ्या बायकांना मी कधी हसलो नाही, एवढंच म्हणणार होतो. पण ते म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. जिन्यात उभं राहून त्यांनाही हसलोय. तिच्याच देखत.

मग तिने दोन उपाय सांगितले. रंग दुरुस्त करता येईल, त्याला दोन तास लागतील. नाहीतर बारीक कापायचे, दहा मिनिटं. मी म्हणालो, दुरुस्त कर. ती म्हणाली, "शनिवार आहे. बायका थांबल्यात."

मशीन लावलं. नऊ वर्षं जपलेले दाट केस दहा मिनिटांत जमिनीवर. खाली बघितलं तर हिरवळ.

शेवटी तिने कापसाला काहीतरी लावून माझ्या डाव्या कानाची कड पुसली. दोनदा. कापड झटकलं. मी उठलो तेव्हा म्हणाली, "दुकानात जाताना टोपी घाला. आता खरंच थंडी लागेल." जरा थांबून म्हणाली, "अहो, मफलरही घ्या."

जिना चढताना पाय हलके वाटत होते. केस कमी झाल्यामुळे असेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बारीक केस मला शोभतात, या निष्कर्षावर आलोय. वय किमान दहा वर्षांनी कमी दिसतं. जे लोलाइट्सना जमलं नाही ते मशीनने केलं. दुकानात सगळ्या आरशांत तपासलं.

सकाळी अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. आमच्याकडे पंधरा वर्षांपासून येतात, जाड भिंगाचा चष्मा. मी नेहमीसारखा पुढे झालो. त्यांनी मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "नवीन का तुम्ही?"

मी नम्रपणे हसलो. दहा वर्षांचा अंदाज कमीच धरला होता म्हणायचा.

आजी म्हणाल्या, "इथे एक वयस्कर गृहस्थ असायचे. पांढऱ्या केसांचे. त्यांनी सांगितलं की मी डोळे झाकून घ्यायची. कुठे गेले ते?"

मी म्हणालो, आहेत, मी दाखवतो ना. त्या म्हणाल्या, नको, तुम्ही तरुण आहात, तुम्हाला काय कळणार माझ्या चेहऱ्याचं. ते कधी येतील तेवढं सांगा.

डोक्यावरून हात फिरवला. अंदाज केला. सांगितलं, दोन महिने लागतील.

"मग तेव्हाच येते," म्हणाल्या, आणि गेल्या. घाईघाईत त्यांना दार उघडून द्यायचंही राहिलं.

संध्याकाळी हे बायकोला सांगितलं. पार्लरमध्येच, एका बाईच्या अर्ध्या कापलेल्या केसांसमोर. ती इतकी हसली की कात्री खाली ठेवावी लागली. त्या बाईंनी घाबरून विचारलं, हे कोण? बायको डोळे पुसत म्हणाली, "आमचेच आहेत. पांढरे यायचे बाकी आहेत."